ग्रामीण शल्यचिकित्सकांची संघटना : पूर्वपीठिका आणि वाटचाल

संस्थेचा इतिहास तिच्या नोंदणीच्या तारखेपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. परंतु भारतातील ग्रामीण शल्यचिकित्सकांच्या संघटनेची हकीकत त्या रीतीने सांगू गेल्यास ती अपुरी राहील, कारण ज्या उणिवेतून ही संघटना जन्मास आली ती उणीव तिच्याहून जवळजवळ अर्ध्या शतकाने वडील आहे. १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा जो आराखडा सरकारला सादर केला, त्यातील दीर्घ मुदतीच्या योजनेत १० ते २० हजार लोकवस्तीमागे ७५ खाटांचे एक रुग्णालय असावे आणि त्यात वैद्यक, शल्यचिकित्सा व स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्र या शाखा जाणणारे धरून सहा डॉक्टर असावेत, अशी तजवीज सुचविलेली होती. तो आराखडा वाचताना आजही मन स्तिमित होते. स्वातंत्र्य अद्याप एक वर्ष दूर असता, युद्धाने आणि दुष्काळाने खंगलेल्या देशात, खेड्यातील माणसाच्या जवळ शस्त्रक्रियेची सोय असली पाहिजे अशी योजना त्या मंडळींनी लेखी मांडून ठेवली, ही गोष्ट लहान नव्हे.

प्रत्यक्षात मात्र खेड्याच्या वाट्याला आले ते प्राथमिक आरोग्य केंद्र, जेथे लस मिळे, तापाची गोळी मिळे, क्वचित सुखरूप बाळंतपणही होई, परंतु अडलेल्या बाळंतिणीचे पोट उघडून मूल काढण्याची अथवा पीळ पडलेले आतडे सोडविण्याची सोय तेथे असणे शक्यच नव्हते. पुढे १९८०च्या दशकात सामुदायिक आरोग्य केंद्राची, म्हणजे आपल्याकडील ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाची, कल्पना रुजली. सपाटीच्या मुलुखात १ लाख २० हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात ८० हजार लोकांमागे असे एक रुग्णालय, आणि त्यात शल्यचिकित्सक, भिषग्, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ अशी चार तज्ज्ञांची पदे. या मूळ तरतुदीत भूलतज्ज्ञाचे पद नव्हते, ही बाब वाचकांनी क्षणभर थांबून लक्षात घ्यावी. चिरा देणारा मंजूर झाला, पण रोग्याला भूल कोणी द्यावी याचा विचार करावयाचा राहिला. तो पुष्कळ वर्षांनी, मानके नव्याने आखली गेली तेव्हा झाला. आणि मंजूर झालेला शल्यचिकित्सक तरी कोठे आला? केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीप्रमाणे या केंद्रांतील शल्यचिकित्सकांची तूट ८३.२ टक्के होती.

मधल्या दीर्घ काळात ज्यांनी ही पोकळी यथाशक्ति भरून काढली, ते तालुक्याच्या गावी स्वतःचे दहा-पंधरा खाटांचे इस्पितळ काढून बसलेले एकांडे शल्यचिकित्सक, मिशनची रुग्णालये आणि काही सेवाभावी न्यास. असा शल्यचिकित्सक एम. एस. ही पदवी घेऊन आलेला असे, परंतु महाविद्यालयात जी विद्या निरनिराळ्या विभागांत वाटलेली असते ती येथे एकाच माणसाच्या दोन हातांत गोळा होई. सकाळी अंडवृद्धी, दुपारी विहिरीत पडून मोडलेली मांडी, रात्री अडलेली बाळंतीण, आणि या सर्वांच्या मधून बैलाने शिंग मारलेला एखादा गुराखी. पत्नी डॉक्टर असेल तर ती प्रसूतिविभाग सांभाळी व प्रसंगी भूलही देई; नसेल तर कंपाउंडर, सातवी-आठवी शिकलेल्या दोन-तीन मुली आणि वॉर्डातील मावशी एवढ्या मनुष्यबळावर सारा कारभार चाले. हत्यारे निर्जंतुक करण्यास ऑटोक्लेव्ह नसेल तेथे मोठा प्रेशर कुकर उपयोगी पडे, आणि वीज गेली की पेट्रोमॅक्स वा मोटारीच्या बॅटरीवरील दिवा. शुल्काचा हिशेब कापूस किंवा ज्वारी घरात आल्यावर होई, आणि पुष्कळदा होतही नसे.

भारतातील शल्यचिकित्सकांची अखिल भारतीय संघटना १९३८ सालची. तिच्या अधिवेशनांतून जी चर्चा चाले ती स्वाभाविकपणेच मोठ्या शहरांतील शिक्षण-रुग्णालयांच्या अनुभवावर उभी असे. ग्रामीण शल्यचिकित्सक तेथे श्रोता म्हणून बसे. त्याच्या स्वतःच्या प्रश्नांना, म्हणजे रक्त नसताना काय करावे, साहाय्यक नसताना शस्त्रक्रियेची आखणी कशी बदलावी, महागडे साहित्य परवडत नसता त्याच्या जागी काय वापरावे, या प्रश्नांना त्या व्यासपीठावर स्थान नव्हते. ते विषय कमीपणाचे मानले जात, असे म्हणणे कठोर होईल. ते कोणाच्या ध्यानातच येत नसत, हे अधिक खरे. या स्थितीतून वेगळी संघटना उभारण्याचा विचार बळावला आणि १९९२-९३ मध्ये तो प्रत्यक्षात उतरला. त्या उभारणीत अस्थिशल्यविशारद डॉ. बाळू शंकरन आणि डॉ. नोशिर अँटिया यांच्यासारख्या थोरांचे पाठबळ होते, आणि दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यासारखे, आयुष्य लहान गावात काढलेले शल्यचिकित्सक तिचा कणा होते. आरंभीचे अधिवेशन सेवाग्रामास भरले, हे केवळ स्थळमाहात्म्य म्हणून नव्हे तर सोय म्हणूनही उचितच होते. कस्तुरबा रुग्णालयाभोवती उभे राहिलेले तेथील वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून खेड्याकडे तोंड करून बसलेले होते.

डॉ. अँटिया यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. इंग्लंडमध्ये सुघटनशल्यशास्त्राचे शिक्षण घेऊन आलेला, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्या विषयाचा विभाग नावारूपास आणणारा, कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर आणि बसलेल्या नाकांवर शस्त्रक्रिया करून त्यांना समाजात परत बसविणारा हा शल्यविशारद १९७०च्या दशकात अलिबाग तालुक्यातील मांडव्याला गेला आणि अल्पशिक्षित गावकरी स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवू लागला. जे काम खालच्या पायरीवर सुरक्षितपणे होऊ शकते ते वरच्या पायरीवर अडवून ठेवू नये, हे त्यांचे जन्माचे सूत्र होते, आणि ज्याच्या स्वतःच्या हाती सर्वांत वरच्या पायरीचे कौशल्य होते अशा माणसाने ते सांगितल्यामुळे त्यास वजन आले. संघटनेचा नवसंशोधनाचा पुरस्कार त्यांच्या नावाशी जोडलेला आहे. २००७ साली ते निवर्तले.

संघटनेच्या कार्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण दोंडाईचाचे, आणि ते थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. अंडवृद्धीप्रमाणेच शेतकऱ्याला व हमालाला ग्रासणारा विकार म्हणजे जांघेतील हर्निया. जुन्या पद्धतीत दुबळे झालेले स्नायू ताणून एकमेकांस शिवीत. ताणामुळे दुखे, आणि ओझे उचलणाऱ्या माणसाचा टाका काही वर्षांनी सुटून व्याधी परत येई. अमेरिकेत लिश्टेनश्टाइन यांनी ताण न देता कृत्रिम धाग्याची जाळी ठिगळासारखी बसविण्याची पद्धत प्रचारात आणली आणि शास्त्राने तिचा स्वीकार केला. परंतु ती जाळी परदेशी, तिची किंमत हजारांत, आणि रोगी रोजंदारीवरचा. डॉ. टोणगावकर यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात आले की, बाजारात मच्छरदाणीसाठी जे कापड मिळते तेही याच जातीच्या कृत्रिम धाग्यांचे, पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या मिश्रणाचे, विणलेले असते. मग तेच का वापरू नये? कापड आणावे, धुवावे, मापाचे तुकडे कापावेत, कागदात गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवावेत. उष्णता मर्यादेबाहेर गेली तर धागा वितळतो, म्हणून १२१ अंशांवर लक्ष ठेवावे लागते, इतकीच काय ती खबरदारी. एका तुकड्याची किंमत चहाच्या पेल्याहून कमी. निरनिराळ्या ठिकाणच्या ग्रामीण शल्यचिकित्सकांनी आपापल्या रोग्यांवर ही जाळी वापरली, परिणामांची टिपणे ठेवली, आणि २००३ साली त्यांचा एकत्र लेख भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या शोधाला उपहास सोसावा लागला, परंतु शेवटी त्याची परीक्षा कसोशीने झाली. आफ्रिकेतील बुर्किना फासोसारख्या देशांत तो वापरला गेला. युगांडात ३०२ पुरुषांवर महाग व स्वस्त जाळ्यांची यादृच्छिक पद्धतीने तुलना करण्यात आली आणि २०१६च्या प्रारंभी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या जगन्मान्य नियतकालिकात निष्कर्ष आला की, वर्षअखेर दोन्ही गटांतील परिणामांत लक्षणीय अंतर नाही. खानदेशातील एका तालुक्यात सुरू झालेली गोष्ट अशा रीतीने त्या नियतकालिकाच्या पानावर पोचली. त्याविषयीचा अभिमान आम्ही लपवीत नाही. तथापि या प्रकरणाचे खरे महत्त्व जाळीच्या स्वस्ताईत नसून नोंदींच्या शिस्तीत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. काटकसर पुष्कळांनी केली, पण काटकसरीने रोग्याचे अहित होत नाही हे मोजून दाखविण्याचे कष्ट थोड्यांनी घेतले.

जाळीचा प्रश्न सुटला, कारण तो सोडविणे शल्यचिकित्सकाच्या हाती होते. रक्ताचा प्रश्न तसा नव्हता. पूर्वी खेड्यातील इस्पितळात रक्तस्राव होणारी स्त्री आली की सोबतच्या नातेवाइकांचे रक्तगट पाहत, जुळणारा दाता मिळाला की आवश्यक त्या तपासण्या करून त्याचे रक्त पिशवीत काढीत, आणि साठवण न करता तेच रक्त तत्काळ रोग्यास देत. पिशवी अद्याप कोमट असे. त्या काळी शहरांतून रक्त विकणाऱ्या धंदेवाईक दात्यांचा सुळसुळाट झालेला होता आणि एड्स व कावीळ यांचे भय खरे होते. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निकालाने रक्ताचा व्यापार दोन वर्षांत मोडून काढण्याचा आदेश दिला, हे योग्यच झाले आणि त्याविषयी संघटनेची कधीही तक्रार नव्हती. परंतु पुढे १९९९ साली नियमांत जी दुरुस्ती झाली तिने परवानाधारक रक्तपेढीबाहेर रक्त काढून देणे सर्वांनाच निषिद्ध ठरविले, आणि त्यात भावाने बहिणीला जागच्या जागी दिलेले रक्तही आले.

आता रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी. पन्नास-साठ मैलांवरून, पावसाळ्यात, रात्री, नातेवाइकाने नमुना घेऊन जावे, पिशवी घेऊन यावे, तोवर रोगी राहावा. २००१ साली सरकारने रक्तसाठवण केंद्राची सवलत दिली. वर्षाकाठी २००० पिशव्यांपर्यंत वापर असलेल्या रुग्णालयास मोठ्या रक्तपेढीकडून रक्त आणून शीतकपाटात ठेवण्याची मुभा मिळाली. सवलत कागदावर चांगली होती. तिला अखंड वीज हवी, तंत्रज्ञ हवा, पिशवी ३५ दिवसांत संपली पाहिजे, आणि ज्या रक्तपेढीकडून रक्त आणावयाचे तिच्याजवळ आधी ते शिल्लक असले पाहिजे. लहान रुग्णालयात एखाद्या महिन्यात चार पिशव्या लागतात आणि एखाद्या रात्रीत चार.

तेव्हापासून ग्रामीण शल्यचिकित्सक जे करीत आले ते एकदा तपशिलाने लिहून ठेवणे अगत्याचे आहे. बीजवाहिनीत राहिलेला गर्भ फुटून स्त्री येते तेव्हा तिचे ओठ पांढरे पडलेले असतात, नाडी मनगटावर लागत नाही, पोट भरलेल्या पखालीसारखे ताठ असते. आणि त्या पोटात तिचेच दीड-दोन लिटर रक्त साचलेले असते. पोटाला प्रथम लहानसा छेद देऊन ते रक्त निर्जंतुक वाटीने उपसतात, गॉजच्या अनेक घड्यांतून गाळतात, गोठू न देणारा द्राव घातलेल्या बाटलीत भरतात आणि परिचारिका ती बाटली उंच धरून तिच्याच शिरेत सोडते. मग फुटलेली नलिका बांधावयाची. ज्याने हे केले आहे त्याला ठाऊक आहे की, पहिली बाटली संपता संपता मनगटावर नाडी बोटाला लागू लागते. परंतु प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात, फुटलेल्या प्लीहेत कधीकधी, आणि मांडी चिरडलेल्या अपघातात हा मार्ग उपलब्ध नसतो. तेथे दुसऱ्याचेच रक्त पाहिजे. संघटनेने आजवर ज्या मागणीसाठी सर्वाधिक अर्ज-विनंत्या केल्या ती मागणी हीच: प्राण वाचविण्यापुरते, जलद तपासण्या करून, थेट रक्तदान करण्यास दुर्गम भागांतील रुग्णालयांना परवानगी असावी. सीमावर्ती भागांतील सैन्यदलाच्या रुग्णालयांना कायद्यानेच ही सूट दिलेली आहे. सैनिकाला ती दिली हे उत्तम झाले. ज्या तर्काने सैनिकाला दिली, तो तर्क मेळघाटातील बाळंतिणीला का लागू नये, याचे समर्पक उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही.

मनुष्यबळाच्या बाबतीतही हीच कैफियत. कमरेखालील शस्त्रक्रियेसाठी पाठीच्या कण्यात सुई घालून शल्यचिकित्सक स्वतःच भूल देई, हात पुन्हा धुऊन शस्त्रक्रियेस लागे, आणि डोक्याशी बसलेली अनुभवी परिचारिका नाडीवर बोट व रक्तदाबमापकावर डोळा ठेवी. ही व्यवस्था आदर्श नव्हती, असे आम्हीच प्रथम म्हणू. परंतु तिच्याऐवजी दुसरी व्यवस्था नव्हतीच. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, त्यानंतर एकट्याने भूल व शस्त्रक्रिया दोन्ही करणाऱ्याच्या डोक्यावर दाव्याची टांगती तलवार आली आणि पुष्कळांनी मोठ्या शस्त्रक्रिया थांबविल्या. पुढे सरकारने साध्या एम. बी. बी. एस. डॉक्टरांना १८ आठवडे शिकवून प्राणरक्षक भूल देण्यास तयार करण्याचा उपक्रम काढला, तो योग्य दिशेने होता, पण मुख्यतः सरकारी नोकरांपुरता. परिचारिकांचे तेच. तामिळनाडूतील सिट्टिलिंगीच्या खोऱ्यात १९९३ पासून काम करणाऱ्या डॉक्टर दांपत्याने तेथल्याच आदिवासी मुलींना शिकवून शस्त्रक्रियागृह उभे केले. छत्तीसगडमध्ये गनियारीस दिल्लीहून आलेल्या डॉक्टरांनीही स्थानिक तरुण-तरुणींनाच हाताशी धरले. अशा मुलीला जखम कशी बांधावी, हत्यारे कोणत्या क्रमाने द्यावीत, रोग्याविषयी कधी घाबरावे आणि कधी नाही, हे सर्व येते. दाखला मात्र तिच्याजवळ नसतो, आणि तपासणीस येणारा अधिकारी दाखलाच मागतो. तिला पायरीपायरीने मान्यताप्राप्त पात्रतेपर्यंत नेणारा अभ्यासक्रम निघावा, यासाठी संघटनेने जेवढा रेटा लावावयास हवा होता तेवढा लावला नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे. रक्ताच्या प्रश्नाने सर्वांची शक्ती खाल्ली.

रक्ताच्या नियमांप्रमाणेच कामाच्या आड येणाऱ्या सोनोग्राफीच्या कायद्याविषयी येथे सावधपणे लिहितो. मुलीचा गर्भ पाडण्याच्या पापाने महाराष्ट्राचे मुला-मुलींचे गुणोत्तर कसे ढासळले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, आणि १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा उद्देश सर्वथैव वंद्य आहे. तथापि फुटलेली प्लीहा ओळखण्यासाठी यंत्र फिरत्या पथकाबरोबर नेणे त्यामुळे दुरापास्त झाले, ही अडचण उद्देशास धक्का न लावता दूर करता येण्याजोगी आहे.

संघटनेचे बाकीचे उपक्रम थोडक्यात नमूद करतो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने ग्रामीण शल्यचिकित्सा हा पदव्युत्तर विषय सुरू केला, त्यामागे संघटनेचा आग्रह होता. परंतु त्या अभ्यासक्रमाने मूळ धरले नाही, कारण पदवी मिळाल्यावर तिला सरकारी पदांच्या यादीत घर नव्हते. २००५ साली टांझानियातील इफाकारा येथे ग्रामीण शल्यचिकित्सकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, त्यात भारतीय मंडळी अग्रभागी होती. आसामच्या काछार भागात काम केलेले डॉ. ज्ञानराज यांनी पोटात वायू न भरता, पोटाची भिंत वर उचलून धरून दुर्बिणीची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत ईशान्येकडील लहान रुग्णालयांत रुजविली. तीत कण्यातील भूल पुरते, वायूची नळकांडी लागत नाहीत, आणि इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाने पुढे तिच्या अभ्यासात भाग घेतला. २०१५ साली लॅन्सेटच्या आयोगाने जगातील ५०० कोटी लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही असे सांगितले, आणि सिझेरियन, पोट उघडण्याची शस्त्रक्रिया व उघड्या अस्थिभंगावरील उपचार या तीन गोष्टी दोन तासांच्या अंतरावर मिळाल्या पाहिजेत असा मापदंड ठरविला, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना समाधान वाटले, कारण हेच तीन रोगी आयुष्यभर आमच्या दारात रात्री आलेले होते.

राहता राहिला वारसाचा प्रश्न, आणि सध्या तोच सर्वांत निकडीचा आहे. संघटना स्थापन करणारी पिढी थकली. त्यांची मुले डॉक्टर झाली, परंतु एका अवयवाचे तज्ज्ञ होऊन शहरात स्थिरावली, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही; ज्या विद्येत सांधाबदल शिकविला जातो पण अडलेल्या बाळंतिणीचे सिझेरियन शल्यचिकित्सकास शिकविले जात नाही, ती विद्या घेऊन तालुक्याच्या गावी बसणे धाडसाचेच. परिणामी चाळीस वर्षे चाललेली इस्पितळे डॉक्टरांच्या निवृत्तीबरोबर बंद होत आहेत. इमारत असते, टेबल असते, शिकलेली सिस्टर असते, पंचक्रोशीचा विश्वास असतो. फक्त पुढे चालविणारा नसतो. अशा रुग्णालयांची एक नोंदवही संघटनेच्या कार्यालयाने ठेवावी, तीत गाव, खाटा, शस्त्रक्रियागृहाची स्थिती, वर्षातील शस्त्रक्रियांची संख्या आणि मालकाची अपेक्षा लिहावी. पदव्युत्तर शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकडीपुढे ती दरवर्षी ठेवावी. आणि जो तरुण वा जी तरुणी तयार होईल त्याला वा तिला पहिली दोन वर्षे निवृत्त होणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली, वेतन देऊन, प्रसूती, अस्थिभंग व भूल यांचे शिक्षण घेता यावे एवढी आर्थिक तरतूद न्यासांकडून मिळवावी, अशी सूचना प्रस्तुत लेखक या स्मरणिकेच्या द्वारे कार्यकारिणीपुढे ठेवीत आहे.